हात करून बोलावण्याआधी

गेल्या आठवड्यात सोलापुरात अक्कलकोट रोडवर माझ्या हातून पाप होता होता राहिलं.

झेब्रा क्रॉसिंगच्या कडेला एक अक्का उभ्या होत्या. वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन घरी निघाल्या असाव्यात, हातात रिकामी पिशवी. मी कार थांबवली, हाताने खूण केली, "या, या." (तेवढ्यात स्वतःबद्दल जरा बरंही वाटून घेतलं.) त्या निघाल्या आणि माझ्या उजवीकडून एक बाईक सुसाट आली. अक्का कशाबशा मागे झाल्या. पिशवी चाकाखाली गेली. बाईकवाला ओरडला, "दिसत नाही का बे?" आणि गेला.

त्याला खरंच काही दिसलं नसणार. मधे माझी कार होती. ताशी 40 च्या वेगात गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं.

पिशवी उचलताना अक्का मला म्हणाल्या, "तू बोलावलास म्हणून आले की रे, बाळा."

पट्ट्यांवर माणूस असेल तर गाडी थांबवायची, हा आपल्याकडे नियमच आहे. पण एकानेच पाळला तर त्याची गाडी आडोसा होते. पुढची गाडी विनाकारण थांबत नाही, एवढं मागच्याने समजून घ्यायला काय हरकत आहे? 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 32,825 पायी चालणारी. पाचातला जवळजवळ एक.

"लोकच कुठूनही घुसतात" हे मला सांगू नका. फुटपाथवर हातगाडे, दुकानांचे बोर्ड, पार्क केलेल्या गाड्या. चालायचं कुठून? आणि सोलापूरकराला थांबता येत नाही असंही नाही. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की हेच आपण सगळे गाडी बंद करून, हात जोडून उभे असतो. मग रोजच्या माणसासाठी दहा सेकंद का जड होतात?

मी आता पट्ट्यांच्या बऱ्याच अलीकडे थांबतो. खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना दाखवतो, आरशात बघतो. ते थांबलेले दिसेपर्यंत कुणालाही "या" म्हणत नाही.

काल सात रस्ता चौकाजवळ असाच थांबलो होतो. एक आजोबा काठी टेकत निम्म्यात आले होते. मागून हॉर्नवर हॉर्न, शेवटी एक रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला, "काय मालक, बंद पडली काय गाडी?"

मी आजोबांकडे बोट दाखवलं. "अरे हां," म्हणाला, आणि त्यानेही रिक्षा बंद केली.