लिंबूवाला माठ

ऋषीची भाजी खायला अख्खं घर असतं, निवडायला मी. मोरीत तांबडा माठ, अळू, पडवळ, शिराळी, सुरण असा ढीग, आणि त्यात मुंबईहून आलेले धाकटे भावोजी मदतीला धावले. मदत म्हणजे भांडी घासायच्या साबणाची बाटली त्यांनी माठाच्या टोपात उपडी केली.

"अहो, हे काय?"

"वहिनी, हल्ली औषधं मारतात. नुसत्या पाण्यानं काय जातंय?"

"हा परसातला माठ. मीच पेरलाय."

"मग शेणाचे जंतू असतील."

"आणि साबण पोटात गेला तर?"

"लिंबू आहे ना त्यात!"

पडवीतून सासूबाई ओरडल्या, "मेल्या, भाजी धुतंस की लंगोट?" भावोजींनी शांतपणे फेस ढवळला. वर मला म्हणाले, गावाकडे स्वच्छतेची जाण जरा कमीच.

जाण! साबण भांड्यासाठी आहे कारण भांडं तो पीत नाही. पानं, देठ त्याला धरून ठेवतात, कितीही खळबळलं तरी थोडा उरतोच, आणि मग मळमळ नि जुलाब. माठाला लागतं ते भरपूर पाणी आणि कंबर. आधी मातीची मुळं कापायची, पानं अख्खीच ठेवायची; चिरून धुतलं की बाहेरची घाण कापल्या जागेतून आत शिरते. मोठ्या घमेल्यात पानं बुडवून हलवायची, दोनेक मिनिटं थांबायचं, नि दोन्ही हातांनी वर उचलून रोवळीत घ्यायची. घमेलं कलतं करायचं नाही, तळाची रेती परत भाजीवरच येते. पाणी लाल दिसतंय म्हणून माती आहे असंही समजू नये, माठाचा रंग सुटतो आणि जांभ्याची मातीही लालच. तळाला बोट फिरवायचं. कचकच लागली की नवं पाणी. पावसात तीन-चार पाणी होतातच.

अळूच्या पानावरून पाणी मोत्यासारखं घरंगळतं आणि धूळ तिथंच राहते, म्हणून दोन्ही बाजूंनी तळहात फिरवावा लागतो. हाताला आधी खोबरेल लावलं नाही तर पुढचा तासभर खाजवत बसा. पडवळ, काकडी, सोलायची असली तरी आधी धुवायची, नाहीतर सालीवरचं सुरीबरोबर आत जातं.

बाजारच्या भाजीवरच्या औषधांची भीती मात्र खोटी नाही. 2017 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदांवर खाण्याचा सोडा वापरून पाहिला. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम, 12 ते 15 मिनिटं. वरवरची दोन औषधं निघाली, सालीत मुरलेलं तसंच राहिलं. हे मी भावोजींना सांगितलं. ते म्हणाले, "सोडा? वहिनी, केमिकल कशाला?"

पावसात विहीर गढूळ होते, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून तासभर तरी थांबावं लागतं, आणि कच्चं खायचं ते शेवटी उकळून गार केलेल्या पाण्यातून काढायचं. हे पाणी शेंदतो कोण, तापवतो कोण, ते विचारू नका. साबणाचा माठ मी माडाच्या बुंध्यात ओतला आणि परसात जाऊन दुसरा उपटून आणला. जेवताना भावोजींनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि शेजारच्या काकांना सांगितलं, "भाजी आज मी धुतली."