चोर सोडून संन्याशाला

आमच्या पिकअपच्या हीटरच्या पंख्याला चार वेग आहेत, असं त्याच्या खटक्यावर छापलेलं होतं. पण पहिल्या तीन वेगांना पंखा ढिम्म हलायचा नाही आणि चौथ्याला असा सुटायचा की डॅशबोर्डवरच्या पावत्या केबिनभर उडायच्या. म्हणजे एक तर धुकटलेल्या काचेतून अंदाजाने गाडी हाकायची, नाहीतर शेजारी बसलेल्या बायकोशी खाणाखुणांनी बोलायचं. दुसऱ्या पर्यायाचे फायदेही होते, पण ते असोत.

या लक्षणावरून रोग कुणीही सांगतं : रेझिस्टर, म्हणजे करंट अडवून पंख्याचा वेग कमी करणारा भाग, गेला. ते खोटं नसतं. अशा जुन्या पद्धतीच्या पंख्यात खालच्या वेगांचा करंट रेझिस्टरच्या वेटोळ्यांतून फिरून मोटरकडे जातो, चौथ्याचा मात्र थेट. रेझिस्टर मेला की उरतो फक्त चौथा. मी नवा रेझिस्टर बसवला. चारही वेग आले. थोडे दिवस सुखाचे गेले आणि पुन्हा तुफान. पुन्हा नवा रेझिस्टर. या खेपेला तुफानही गेलं, कारण फ्यूज उडाला.

इथे मेहुण्यांचा प्रवेश होतो. "भावजी, ३० अँपिअरचा फ्यूज काढून ४०चा टाका, कटकटच मिटेल." कटकट मिटते हे खरं. फ्यूज असतो वायर वाचवायला. तो मोठा घातला की त्याचं काम वायरच करते, म्हणजे वितळते, तीही डॅशबोर्डच्या आत, आपण चालत्या गाडीत बसलेलो असताना. मेहुण्यांना चहा... नव्हे, मान दिला आणि फ्यूज ३०चाच ठेवला.

आता रेझिस्टर कुठे असतो? जिथे माणसाचं डोकं जाऊ नये अशी गाडी बनवणाऱ्याची इच्छा असते, तिथे. सीटवर उताणं पडायचं, पाय सीटच्या पाठीवर टेकवायचे, डोकं ग्लोव्ह बॉक्सच्या खाली खुपसायचं आणि टॉर्च दातांत धरायचा. या आसनात मी रेझिस्टरला वायरी जोडणारा कनेक्टर ओढून काढला. एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. पीन काळीनिळी पडली होती आणि तिची पकड पार गेली होती. व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर लावला तर आकडा साडेबारा व्होल्टच्या पुढे. म्हणजे वीज येत होती, सगळं ठणठणीत!

मल्टिमीटर हे यंत्र लोड नसताना, म्हणजे वीज खाणारं काही चालू नसताना, अतिशय सौजन्याने वागतं. ते स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे वायरीची एक तार शाबूत असली तरी पूर्ण व्होल्टेज दाखवतं. खरं वदवून घ्यायचं तर पंखा चौथ्यावर चालू ठेवून, संशयित जोडाच्या अलीकडे-पलीकडे दोन टोकं लावायची. तिथे व्होल्टचा एखाद-दुसरा दशांश दिसला तर ठीक. गॅरेजमधल्या इलेक्ट्रिशियनने त्याच कनेक्टरच्या मोटरकडच्या जोडावर तसं करून दाखवलं, तेव्हा पडदा उघडला : दोन व्होल्ट. आणि वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर म्हणत होता २० अँपिअर. दोघांचा गुणाकार ४० वॉट. एवढी उष्णता एका नखाएवढ्या पिनेत!

"साहेब," तो म्हणाला, "हे सगळं जळालेलं नाही, जाळलेलं आहे. मोटर काढू."

मोटर निघाली आणि तिच्या पिंजऱ्यातून दोन मुठी सुका पाला निघाला. हाताने फिरवली तर कुईंऽऽ करत अर्ध्या फेरीत थांबली. बेअरिंग जाम. ही कुईं मला कित्येक महिने ऐकू येत होती आणि मी ती गाडीचा स्वभाव समजत होतो. जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट होते. त्यातून बिचाऱ्या रेझिस्टरचं नशीब असं, की तो बसवलेला असतो हवेच्या वाटेत. ज्या पंख्याला आवरायचं, त्याच्याच वाऱ्यावर त्याने थंड राहायचं. पंखा कण्हायला लागला की वारा कमी आणि ताप जास्त. मी दर वेळी फाशी दिली ती त्यालाच.

नवी मोटर, नवा रेझिस्टर, आणि करपलेला कनेक्टर कापून वायरींसकट नवा कनेक्टर, नीट क्रिम्प करून, म्हणजे पक्कडीने घट्ट दाबून. क्लॅम्प मीटरचा आकडा खाली आला, जोडावरचे दोन व्होल्ट गेले. इलेक्ट्रिशियनने पाल्यावर एकच नजर टाकली आणि गाडी झाडाखाली लावता का, असं विचारलं. मी विषय बदलला.

परतताना मी खटका पहिल्या वेगावर ठेवला. काच हळूहळू स्वच्छ होत गेली. कुईं नाही, तुफान नाही. बायकोने बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "अहो, पुन्हा बंद पडला वाटतं."