युरेनियमची पट्टी

कॅनडात, सास्काटूनला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा औसा तालुक्यातल्या आमच्या गावात सकाळचे साडेसात झालेले असतात. नानांचा फोन याच वेळेला येतो. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. वडील गेल्यापासून घरचा सगळा कारभार तेच बघतात, आणि आदल्या रात्री टीव्हीवर जी चर्चा ऐकली असेल तिचा जाबही मलाच विचारतात. या जानेवारीत त्यांनी विचारलं, "काय रे, तुझ्या कॅनडावाल्यांकडून युरेनियम घ्यायचं आन् त्याचा हिशेबबी त्यांनाच द्यायचा म्हणं? पैसे आपण मोजायचे, माल आपला झाला, मग त्यांना कशापायी सांगायचं कुठं वापरला ते?"

प्रश्न अगदी रास्त आहे. नाना एकटेच तो विचारत नाहीत. गावाकडच्या ग्रुपवर, लातूरच्या मित्रांच्या बोलण्यात, अणुकराराचा विषय निघाला की सूर हाच असतो: आपण झुकलो की नाही झुकलो. मी बारा वर्षांपासून सस्कॅचेवान प्रांतात राहतो. भारतात येणारी मसूर आणि पिवळा वाटाणा मोठ्या प्रमाणात याच प्रांतात पिकतो, आणि कॅनडाचं युरेनियमही याच प्रांताच्या उत्तरेतून निघतं. माझी रोजीरोटी मसुरीवर चालते. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी जुनी गोष्ट, कारण इथले म्हातारे लोक ती विसरलेले नाहीत. कॅनडानं भारताला मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) एक संशोधन अणुभट्टी दिली, सायरस. करार १९५६ चा, भट्टी सुरू झाली १९६० मध्ये. वापर शांततेसाठीच करायचा असं ठरलं होतं, पण तो तसाच होतोय का हे तपासायला कुणी येणार नव्हतं. सगळं शब्दावर होतं. त्याच भट्टीत युरेनियमपासून तयार झालेल्या, बॉम्बला चालणाऱ्या प्लुटोनियमवर १८ मे १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला. भारत म्हणाला, हा शांततामय स्फोट आहे. कॅनडानं चार दिवसांत अणुसहकार्य थांबवलं आणि १९७६ मध्ये ते पुरतं तोडलं. राजस्थानात रावतभाट्याला त्यांच्या मदतीनं उभी राहत असलेली दुसरी अणुभट्टी आपल्या लोकांना स्वतःच्या हिमतीवर पुरी करावी लागली. अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांचा गट बनला तोही या स्फोटानंतरच.

माझ्या कामावर एक निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला तोंडावर सांगितलं की तुमच्या देशानं आम्हाला फसवलं. मला राग आला. घरी येऊन बायकोजवळ चिडचिड केली. आज मी त्याकडे असं बघतो: त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. त्या स्फोटाच्या कामाचं नेतृत्व करणारे शास्त्रज्ञ राजा रामण्णा, त्यांनीच पुढे १९९७ मध्ये सांगितलं की तो बॉम्बच होता. आपण आपल्या माणसांत हे अभिमानानं सांगतो, मग ज्याच्या भट्टीतून तो निघाला त्याला वाईट का वाटू नये?

पण उरलेलं अर्धं सत्य त्यांनाही ऐकवणं भाग होतं, आणि मी ते ऐकवलं. पन्नाशीच्या दशकात याच सस्कॅचेवानचं युरेनियम अमेरिकेच्या अण्वस्त्रांसाठी जात होतं. फक्त शांततेच्या कामासाठीच युरेनियम विकायचं हे कॅनडानं १९६५ मध्ये ठरवलं, म्हणजे मित्रांची शस्त्रागारं भरल्यावर. त्याआधी महायुद्धाच्या काळात उत्तरेकडच्या ग्रेट बेअर सरोवराकाठच्या खाणीतला माल डेने आदिवासींनी पोत्यांतून पाठीवर वाहिला. त्यात काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. १९९८ मध्ये त्यांच्यातले काही जण स्वतःहून हिरोशिमाला गेले आणि आमच्या जमिनीतल्या मालानं तुमचा घात झाला म्हणून माफी मागून आले. ज्यांना अंधारात ठेवलं होतं, माफी त्यांनी मागितली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारतानं सही केली नाही, ते माझ्या मते बरोबरच केलं. १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केला ते पाच देश कायमचे पाटील आणि बाकी सगळे कूळ, अशी ती मांडणी आहे. निजामाच्या राज्यात कूळ म्हणून राबलेल्या घरातल्या माणसाला ती पटणं अवघड आहे. इथल्या मित्रांना मी हे सांगतो तेव्हा माझा आवाज चढतो, चढू देतो.

पण सही न करणं वेगळं आणि विकत घेतलेल्या मालाचा हिशेब नाकारणं वेगळं. नानांचा आणि माझा वाद होतो तो इथं.

नानांना मी मोंढ्याचंच, म्हणजे आमच्याकडच्या धान्यबाजाराचं, उदाहरण दिलं. लहानपणी वडिलांबरोबर तूर घेऊन मी मोंढ्यात जायचो. एका वर्षी एका आडत्यानं पोत्यामागे दोन किलो कडता धरला, म्हणजे वजनातून तेवढं कापलं, वर ओलावा जास्त म्हणून भाव पाडला. ओलावा मोजायचं यंत्र तिथं नव्हतं. त्यानं मूठभर दाणे हातात चोळले आणि सांगितलं, एवढंच. वडील काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर बैलगाडीत त्यांनी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, दोनदा वाचली, घडी करून टोपीत ठेवली. वजन किती धरलं, कापलं किती, कशासाठी, त्या कागदावरून काहीच कळत नव्हतं.

आता माझं काम सांगतो. शेतकऱ्याचा मसुरीचा ट्रक आमच्याकडे आला की लांब नळीनं मालाचा नमुना काढतात आणि तो माझ्या टेबलावर येतो. चाळणीवर चाळून मातेरं वेगळं करायचं, त्याचं वजन टक्क्यात काढायचं, मग तुटलेले, डागी, सुरकुतलेले दाणे बोटानं बाजूला सारायचे, ओलावा यंत्रावर मोजायचा. शेतकरी समोर उभा राहून बघतो. त्याला प्रत पटली नाही तर तो नमुना कॅनडाच्या सरकारी धान्य आयोगाकडे पाठवायला सांगू शकतो, आणि आयोग जे सांगेल ते आम्हालाही मान्य करावं लागतं. असा नमुना मी स्वतः सील करून पाठवलाय. शेतकऱ्यानं माझ्यावर अविश्वास दाखवला असं मला वाटलं नाही, त्यालाही वाटलं नाही. त्या दिवशी त्यानं जाताना नेहमीसारखाच हात हलवला.

युरेनियमच्या व्यवहारातही भांडण नेमकं याच गोष्टीवर होतं. भारत आणि कॅनडा यांच्यात नागरी अणुसहकार्याचा करार टोरांटोला जून २०१० मध्ये झाला. २००८ साली पुरवठादार देशांच्या गटानं भारताला अणुव्यापारासाठी सूट दिली होती, त्यामुळे दार उघडलं होतं. आपल्याला गरजही होती. त्या काळात इंधन नाही म्हणून आपल्या अणुभट्ट्या जेमतेम निम्म्या क्षमतेवर चालत होत्या. झारखंडमधल्या जादुगुडाच्या खाणीत एक टन दगड फोडावा तेव्हा अर्ध्या किलोच्या आसपास युरेनियम हाती लागतं. इथल्या सिगार लेक खाणीत शंभर किलो खनिजात दहा किलोंहून जास्त असतं.

तरी सही झाल्यावर करार अडकून राहिला. कॅनडाचं म्हणणं होतं की आमचं युरेनियम तुमच्या कोणत्या भट्टीत गेलं, जळाल्यावर त्याचं काय झालं, त्यातून निघालेलं प्लुटोनियम कुठं आहे, हे आम्हाला कळलं पाहिजे. भारत म्हणत होता, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तपासतातच, मग तुम्हाला वेगळं कशाला सांगू? नानांचा जो प्रश्न, तोच दिल्लीचाही होता.

कॅनडाच्या हट्टामागे एक तांत्रिक कारण आहे, ते समजून घ्यायला हवं. जड पाण्यावर चालणाऱ्या आपल्या बहुतेक भट्ट्यांचा मूळ आराखडा कॅनडाचाच. २२० मेगावॉटच्या अशा एका भट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात, प्रत्येकीत १२ इंधन-जुड्या, आणि एका जुडीत १९ कांड्या. ही भट्टी चालू असतानाच एका टोकानं नवी जुडी आत ढकलता येते, दुसऱ्या टोकानं जुनी बाहेर काढता येते. वीज बंद करावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण याच गुणामुळे कुणाच्या लक्षात न येता जुडी लवकर बाहेर काढणंही शक्य होतं, आणि लवकर काढलेल्या जुडीतलं प्लुटोनियम शस्त्राला सोयीचं असतं. म्हणून निरीक्षक तिथं कॅमेरे लावतात, सील ठोकतात, जुड्या मोजतात. आपण नागरी म्हणून जाहीर केलेल्या भट्ट्या अशा तपासणीखाली आहेत आणि बाकीच्या, लष्करी कामाच्या धरून, वेगळ्या ठेवलेल्या आहेत. ही विभागणी आपण स्वतः मान्य केलेली आहे.

अखेर नोव्हेंबर २०१२ मध्ये, कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान हार्पर दिल्लीला आले असताना, माहितीच्या देवाणघेवाणीचा तोडगा निघाला. सप्टेंबर २०१३ मध्ये करार अमलात आला. एप्रिल २०१५ मध्ये सास्काटूनमध्येच मुख्यालय असलेल्या कॅमेको कंपनीशी पाच वर्षांत सुमारे ३,२०० टन युरेनियमचा सौदा ठरला, आणि त्याच वर्षअखेर पहिला माल भारतात पोचला. त्यामुळे भारताचं काय खाली आलं? भट्ट्या चालल्या, वीज झाली, लष्करी कार्यक्रमाला कुणी हात लावला नाही.

माझी तक्रार दुसरीच आहे, आणि ती दोन्ही सरकारांबद्दल आहे. हा जो हिशेबाचा तोडगा निघाला त्याचा मजकूर ना इथल्या लोकांसमोर आला, ना आपल्या. एक सरकार दुसऱ्याला पट्टी देतं, पण ज्यांच्या नावावर हा सौदा होतो त्यांना ती दिसत नाही. झुकलो की नाही यावर आपण रात्री अकरापर्यंत घसा कोरडा करतो, आणि ती पट्टी आम्हाला दाखवा असं कुणीच म्हणत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं अणुऊर्जेचा नवा कायदा केला तेव्हा हे जास्तच जाणवलं. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अपघात भरपाईचा कायदा दोन्ही गेले, खाजगी कंपन्यांना दार उघडलं. अपघात सदोष यंत्रामुळे झाला तर यंत्र पुरवणाऱ्याकडून पैसे वसूल करण्याचा भट्टी चालवणाऱ्याचा जो हक्क जुन्या कायद्याच्या १७ व्या कलमात होता, तोही काढला. अनेक परदेशी कंपन्या पंधरा वर्षं याच कलमाकडे बोट दाखवून दूर राहिल्या होत्या. कॅनडाला किलोकिलोचा हिशेब द्यायला मी एका पायावर तयार आहे, पण मग भट्टीशेजारच्या गावालाही हिशेब मागायचा हक्क हवा. यंत्र पुरवणाऱ्याची जबाबदारी कमी करणं मला पटत नाही, आणि गावाकडच्या चर्चेत यावर चार वाक्यंही ऐकू येत नाहीत याचं मला खरोखर दुःख होतं.

मराठवाड्यात अणुभट्टी नाही, मग आपल्याला काय, असं म्हणून चालणार नाही. वीज म्हणजे पाणी, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक केंद्र बंद पडलं होतं, पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अणुभट्टीलाही थंड व्हायला पाणी लागतं, कोळशाइतकंच किंवा त्याहून जास्त. आणि जमीन हलणार नाही असं तज्ज्ञ ज्या पठाराबद्दल मानत होते, तिथं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीनं काय दाखवलं ते मी सहा वर्षांचा असताना पाहिलंय. आमच्या घराची मागची भिंत गेली. नाना मला खांद्यावर घेऊन बाहेर पळाले होते. मी अणुविजेच्या विरोधात नाही, परळीत कोळशाची राख उडते त्या मराठवाड्यातल्या माणसानं का असावं? पण खात्री देणाऱ्यानं खात्रीचा कागदही दाखवावा.

सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही देशांचं बिनसलं, भारतानं कॅनडाच्या लोकांचे व्हिसा थांबवले, ऑक्टोबरमध्ये कॅनडाला ४१ राजनैतिक अधिकारी परत बोलवावे लागले. त्या दिवसांत माझी आई रोज फोन करून विचारायची, तुला काढून तर देणार नाहीत ना? मी तिला सांगायचो की आज पण मसुरीचे नमुने तपासले, माल भारतातच चाललाय. २०२५ च्या जूनमध्ये कॅनडातल्या कननास्किसला जी-७ परिषदेच्या वेळी दोन्ही पंतप्रधान भेटले, नंतर उच्चायुक्त परत नेमले गेले आणि वर्ष संपता संपता व्यापाराबरोबर अणुसहकार्याचीही बोलणी पुन्हा सुरू झाली. त्या वाईट दोन वर्षांतही करार मोडला नाही, याचं श्रेय मी २०१२ च्या त्या कंटाळवाण्या हिशेबाला देतो. १९५६ चा व्यवहार शब्दावर होता, तो एका स्फोटात गेला.

हे सगळं मी नानांना दोन-तीन फोनमध्ये सांगितलं. ते ऐकून घेतात, पण लगेच कबूल होत नाहीत. "बरं, बघू," एवढंच म्हणाले. मग परवा त्यांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. सात पोती तूर घातली होती, त्याची पट्टी. खाली लिहिलं होतं, "जरा बेरीज बघ."

मी बघितली. हमाली दोनदा लावली होती, एकदा हमाली म्हणून आणि एकदा इतर खर्चात. आकडे लिहून मी परत पाठवले. बाहेर उणे ३३ होतं, गाडी सुरू व्हायला वेळ लागत होता, तोवर नानांचा निरोप आला: पट्टी घेऊन मोंढ्यात निघालोय, तिथं पोचलो की फोन लावतो, उचल.