गटचर्चेला मार्क असावेत का? काल कट्ट्यावर पेटलेला वाद

काल रात्री सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर विषय निघाला तो मेडिकलवाल्याच्या पुतणीवरून. पोरगी इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला. कॉलेजात ग्रुप डिस्कशन झालं, दहापैकी तीन मिळाले, आणि सरांनी कारण काय दिलं तर "तू बोललीच नाहीस". घरी आली, सॅक टाकली आणि न जेवता झोपली. आता ही पोरगी काय मुकी नाही, घरात तिच्यापुढं कुणाचं चालत नाही, पण तिथं आठ जणांत तीन पोरं अशी सुटली की पंधरा मिनिटांत हिला मधे शिरायला जागाच मिळाली नाही. मेडिकलवाला तापलेलाच होता. म्हणाला, "असल्या चर्चेला मार्क ठेवणंच चूक आहे. मार्क आले की पोरं विचार करायचं सोडतात आणि नुसतं तोंड चालवतात, ऐकत बसणाऱ्याला तीन आणि रेटून बोलणाऱ्याला नऊ."

फौजी लगेच त्याच्या बाजूनं झाला. हा फौजेत नाही, पण एसएसबीला, म्हणजे लष्करात अधिकारी निवडतात त्या मुलाखतीला, दोनदा भोपाळला जाऊन आलाय म्हणून नाव पडलं. त्यानं सांगितलं की पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, मग प्रत्येकानं आपली गोष्ट तोंडी सांगायची आणि शेवटी सगळ्या ग्रुपनं मिळून एक गोष्ट ठरवायची. "पहिल्या वेळी आमच्यात नुसता मासळीबाजार झाला बघ, छातीवर नंबर लावलेली सगळी पोरं एकदम बोलाय लागली, आणि समोरचे साहेब कुणाला गप्प करत नाहीत की कुणाला बोल म्हणत नाहीत, नुसतं लिहून घेतायत. माझी गोष्ट चांगली होती लगा, पण मी ती चौघांच्या आवाजात ओरडलो. त्याच दिवशी परतीची गाडी धरली."

मला हे पटलं नाही. म्हणलं, तिथं निवड करायची असते, लाखातनं थोडे घ्यायचे असतात, वर्गात तर शिकवायचं असतं, दोन्हीला एकच माप कसं लावतोयस. आणि मार्क काढून टाकले तर मेडिकलवाल्याच्या पुतणीला जागा मिळेल असं ज्याला वाटतं त्यानं बिनमार्काची चर्चा कधी बघितलेली नाही. बिनमार्काच्या चर्चेत तेच तिघं बोलतात, बाकीचे बाकाखाली मोबाईल बघतात, आणि सरांनाही मग बाकीच्यांकडं बघायचं कारण उरत नाही.

हे मी कुठं वाचून बोलत नाही. 2005 चा महापूर आला तेव्हा मी कॉलेजला होतो, गाव नदीकाठचं, दहावीपर्यंत सगळं मराठीत, बारावीला जेमतेम निभावलेलं, आणि वर्गात इंग्रजी कानावर पडलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. पूर ओसरल्यावर कॉलेज सुरू झालं आणि आमच्या सरांनी चर्चेला विषयच तो घेतला, सांगलीत पाणी का शिरलं. दोन पोरं, दोघंही इंग्लिश मीडियमची, सुरू झाली: अलमट्टी धरणाची उंची, कोयनेचा विसर्ग, कर्नाटक, लवाद. दोघं हुशार होती, त्यात वाद नाही, पण दहा मिनिटं ती एकमेकांशीच बोलत होती. सर मागच्या बाकावर बसून कागदावर काहीतरी काढत होते. मग त्यांनी दोघांना थांबवलं आणि सरळ सांगितलं, मला प्रत्येकाला मार्क द्यायचेत, ह्याच्या नावापुढं अजून काही नाही, ह्याला बोलू दे. आणि माझ्याकडं बघितलं.

मी मराठीतच बोललो, अर्धं तुटकं. म्हणलं सर, आमच्या गल्लीत पाणी नदीकडनं आलंच नाही, काठ अजून कोरडा होता आणि पाणी मागनं ओढ्यातनं उलटं चढलं, तो ओढा आधी रुंद होता, आता त्यात प्लॉट पडलेत. वर्ग गप्प झाला. मग त्या दोघांतला एक म्हणाला, म्हणजे हरिपूरला वारणा मिळते तिथं कृष्णेला फुगवटा आला की सगळ्या नाल्यांत तेच होत असणार. तिथनं पुढं खरी चर्चा झाली, धरणाला शिव्या घालणं थांबलं आणि कुठला नाला कुठं बुजवला त्यावर पोरं बोलाय लागली.

तास संपल्यावर सरांनी तो कागद दाखवला. गोल काढून कडेनं आमची नावं लिहिलेली, आणि कुणी कुणाचा मुद्दा उचलला की ह्या नावाकडनं त्या नावाकडं रेघ. त्या दोघांच्या मधे रेघांचा नुसता गुंता. माझ्या नावाकडनं एकच रेघ निघाली होती, पण माझ्याकडं पाच आल्या होत्या. मला सात मिळाले. मार्क नसते तर सरांनी माझ्याकडं बघितलंही नसतं, एवढंच मला सांगायचं होतं, आणि हे सांगताना काल माझा आवाज जरा चढलाच.

आयटीवाला म्हणाला, एमबीएच्या प्रवेशाला बऱ्याच आयआयएमनी तर ग्रुप डिस्कशनच बंद करून त्याजागी लिहायची टेस्ट आणली. असेल, पण लिहिताना कुणाचं ऐकावं लागत नाही, त्यामुळं ते माझ्या मुद्द्याला लागत नाही.

एवढा वेळ मास्तर गप्प होता. हा ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवतो. म्हणाला, "तुझे सर ग्रेट, पण माझं गणित कर. बारावीला इंग्रजीचे ऐंशी लेखी, वीस तोंडी. माझ्या तुकडीत एकशेवीस पोरं. आठ-आठचे ग्रुप केले तर पंधरा ग्रुप, प्रत्येकी पंधरा मिनिटं धरली तर पावणेचार तास, आणि अशा तीन तुकड्या. पोर्शन कधी संपवू?" मग तो म्हणाला ते तर मला माहीतच नव्हतं. बारावीच्या लेखी पेपरात ग्रुप डिस्कशन हा चार मार्कांचा प्रश्न येतो. विषय दिलेला असतो, आणि पोरानं एकट्यानं बसून सगळ्या मेंबरांचे संवाद लिहायचे. "क्लासवाले साचा देतात, पहिला म्हणतो मी सहमत, दुसरा म्हणतो पण तोटेही आहेत, तिसरा म्हणतो मध्यम मार्ग काढू. पोरं पाठ करून येतात आणि चारपैकी साडेतीन घेऊन जातात."

हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. एकटा पोरगा कागदावर चौघांचा वाद लिहितोय आणि शेजारच्या बाकावरच्या पोराला त्यानं वर्षभरात एकदाही विचारलेलं नाही की तुला काय वाटतं. मेडिकलवाला म्हणाला बघ, मार्कांनीच वाट लावली. म्हणलं मार्कांनी नाही, कशाला मार्क देतोय त्यानं लावली. किती वेळा बोलला हे मोजलं तर पोरं रेटारेटी करणारच. दुसऱ्याचं नाव घेऊन त्याचा मुद्दा पुढं नेला त्याला मार्क, गप्प बसलेल्याला "तुला काय वाटतं" विचारलं त्याला मार्क, आणि तिसऱ्यांदा तोच मुद्दा रेटला की कट, असं आधी फळ्यावर लिहून टाक, मग तुझी पुतणी बोलेल का नाही बघ. फौजी म्हणाला पोरं तेही नाटकी करतील, मार्कासाठी "तुला काय वाटतं" म्हणतील. म्हणू देत की! माझ्याकडं त्या दिवशी सरांनी मार्कासाठीच बघितलं होतं, मला काय फरक पडला?

मास्तर म्हणाला, एका तुकडीत करून बघतो, सहा-सात पिरियड जातील, पण करतो. मी म्हणलं मराठीत बोलू देणार का? त्यावर परत अर्धा तास गेला, कारण त्याचं म्हणणं तोंडी परीक्षा इंग्रजीची आहे, मराठीला मार्क कुठल्या रकान्यात टाकू. माझं म्हणणं पहिली पाच मिनिटं मराठीत, मुद्दे टेबलावर येऊ देत, मग इंग्रजीत वळव. नाहीतर ओढ्याचं पाणी कुठनं आलं हे ज्याला माहीत आहे तो गप्पच बसणार. तो नाही म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही. गुरुवारी पहिला ग्रुप घेतोय, आणि मी त्याला रेघांचा कागद कसा काढायचा ते टपरीवरच्या बिलाच्या मागं काढून दिलाय.