‘बोटवाल्याला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही’ असं लिहून दोन स्टार दिलेल्या सरांना भिगवणहून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. उजनीच्या पाण्यावर आमच्या बोटीतून पक्ष्यांचे फोटो काढायला आलात आणि रविवारची सकाळ वाया गेली असं तुम्हाला वाटलं, त्याबद्दल आधी माफी मागतो. चहा कोमट होता, खरंय. लाइफ जॅकेट ओलसर होती, तेही खरं; आदल्या संध्याकाळची फेरी उशिरा परतली आणि ती वाळलीच नाहीत. या दोन्ही गोष्टींवर मी काही बोलत नाही.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, “बोटवाल्या पोराने सारखं मायनस करा, मायनस करा म्हणून माझे सगळे फोटो घालवले. यांना कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, उगाच ज्ञान देतात.” हे वाचल्यापासून दोन दिवस घास गोड लागला नाही. ते पोरगं माझा पुतण्या आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, आमची जमीन पाण्याखाली गेली, तेव्हा आजोबांनी नांगर सोडून जाळं धरलं. आता जाळ्याच्या जोडीला पाहुण्यांची बोट आहे. पुतण्याकडे स्वतःचा कॅमेरा नाही, हे कबूल. पण दर हिवाळ्यात मोठमोठ्या लेन्सवाले त्याच्यासमोर बसून फोटो काढतात, चुकतात, एकमेकांना सांगतात, आणि तो वल्हं हातात धरून ऐकत असतो.

तुम्ही अभिप्रायासोबत सात फोटो टाकलेत. मी ते पुन्हा पुन्हा बघितले. तिसऱ्यात जलपर्णीच्या कडेला, सावलीतल्या काळ्या पाण्यात मोठा बगळा उभा आहे आणि तो चुन्याच्या गोळ्यासारखा दिसतोय, एक पीस वेगळं कळत नाही. हा फोटो पुतण्या बोलायच्या आधीचा. कॅमेऱ्याला बगळा कळत नाही सर, त्याला फक्त उजेड कळतो. समोर जे येईल ते सरासरी करड्यावर आणायचं, एवढंच तो करतो. चौकटीत तीन हिस्से काळं पाणी आणि इवलासा बगळा असला की त्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि बगळा जळून जातो. म्हणून पुतण्या म्हणाला, मायनस एक करा, म्हणजे कॅमेऱ्याला उजेड एक पायरी कमी घ्यायला सांगा. यात काय चुकलं? पाचवा फोटो, त्याच बगळ्याचा, बघा. मानेवरची पिसं मोजता येतात.

आता सहावा. त्यात कुरव पक्षी, ज्यांना तुम्ही सीगल म्हणता, आभाळात आहेत आणि नीळ न घातलेल्या धोतरासारखे मळकट आलेत. तुमचा राग याच फोटोवर आहे. इथे गोष्ट उलटी होते. मागे लख्ख आभाळ, पक्षीही पांढरा, म्हणजे कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला. तो आपणहून काळोख करतो, आणि वर तुमचं मघाचं मायनस तसंच राहिलेलं. पुतण्याने तेव्हा “आता प्लस करा सर, प्लस एक” असं दोनदा सांगितलं. बोटीत दुसरं कुटुंब होतं, त्यांनीही ऐकलं. तुम्ही त्या वेळी पिशवीतलं फरसाण पाण्यात टाकत होतात, कुरव जवळ यावेत म्हणून. आम्ही बोटीत पक्ष्यांना खायला घालू देत नाही. पाहुण्यांचा मान म्हणून पोरगं गप्प बसलं. ते गप्प बसणंच आता त्याच्या अंगाशी आलं.

तुम्ही म्हणालात, मी मॅन्युअलवरच काढतो. मॅन्युअल होतं, म्हणजे बाकीचे आकडे तुम्ही हाताने लावले होते, पण आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते ठरवणारा आकडा, ऑटोवर होता; म्हणजे उजेडाचा निकाल शेवटी कॅमेराच लावत होता. हे पुतण्याने तुम्ही बॅटरी बदलताना पाहिलं. आमच्या बोटीच्या आतल्या फळीवर एका जुन्या पाहुण्यांनी मार्करने लिहून ठेवलंय: स्वच्छ ऊन, सूर्य पाठीशी, आयएसओ ४००, एफ ८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते), शटर १/२५०० सेकंद. पांढऱ्या पक्ष्यासाठी एवढं बांधून टाकायचं, एक फोटो काढून बघायचा, स्क्रीनवर पिसं लुकलुकायला लागली, म्हणजे ती उजेडाने जळतायत, तर शटरचा वेग अजून थोडा वाढवायचा. मग मागे काळं पाणी येवो, चिखल येवो की आभाळ. ऊन तेच आहे तोवर हात लावायचा नाही. ढग आला तरच बदल. पुतण्या तुम्हाला हेच सांगायला गेला, तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत असेल. “तू बोट हाक.” अभिप्रायात हे तुम्ही लिहिलेलं नाही.

“बोट गोल गोल फिरवून वेळ काढला” असंही लिहिलंय. पुतण्या सूर्य तुमच्या पाठीशी आणत होता सर. सूर्य समोर असला की बगळ्याची आपल्याकडची बाजू सावलीत जाते आणि कडा जळतात.

वेळेचं लिहिणार नव्हतो, पण लिहितो. काठावर सकाळी साडेसहाला या असं फोनवर सांगितलं होतं, मेसेजही केला होता. तुम्ही नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचलात. सातच्या पिवळ्या कोवळ्या उन्हात पांढरा पक्षी थोडी चूक पोटात घालतो. साडेनऊनंतर फोटोत पक्ष्याची पाठ जळते आणि पोट काळं पडतं, पाण्यावरून वाफ हलल्यासारखी दिसते, मग लाखाची लेन्सही मऊच फोटो देते. फ्लेमिंगो लांब होते कारण पाणी अजून ओसरलेलं नाही. ते उथळ चिखलात उतरतात. बोट त्यांच्या अंगावर घालून उडवायला पुतण्याने नकार दिला, तो मी सांगितलं म्हणून. त्याबद्दलचे स्टार माझे कापा, पोराचे नको.

तुमचा अभिप्राय वाचून शनिवारचं एक बुकिंग रद्द झालं. चार महिन्यांचा हंगाम असतो आमचा, म्हणून एवढं लांबलं. रागावू नका.

नवीन जॅकेट सांगितली आहेत, येतील. सेटिंगचा कागद छापून प्रत्येक पाहुण्याला द्यायचाही विचार आहे, बघू कसं जमतं ते.

तुमचा सातवा फोटो, चमच्या पक्ष्याचा, उत्तम आलाय. तो मायनसवरचाच आहे. तुम्ही तो प्रोफाइलला लावलेला पाहून पुतण्या खूश झाला, मला म्हणाला, काका, हा मी सांगितलेला.

फेब्रुवारीत पाणी उतरल्यावर पुन्हा या, त्या फेरीचे पैसे घेणार नाही. फक्त साडेसहाला या, आणि फरसाण घरी ठेवा. चहाचं मी घरात सांगितलंय.