‘नॉर्वेत कुठेही तंबू ठोका’ या दाव्याविषयी

नॉर्वेत निसर्ग सर्वांचा असल्याने कोणीही कुठेही, हवे तितके दिवस तंबू ठोकू शकतो, गाडी थेट तळ्याकाठी नेऊ शकतो, शेकोटी पेटवू शकतो आणि दिसतील ती फळे तोडू शकतो, आपल्याकडे मात्र पावलोपावली परवानगी लागते, असा मजकूर भटक्या मंडळींमध्ये उत्साहाने पुढे पाठवला जातो. त्यातले खरे इतकेच, की तेथे खासगी मालकीच्या रानातूनही मालकाला न विचारता पायी फिरता येते. बाकीच्या विधानांनी त्या सुंदर हक्काचा विपर्यासच होतो.

‘कुठेही’ हा शब्द मुळातच चुकीचा आहे. जुन्या रूढीला लेखी रूप देणाऱ्या १९५७ च्या कायद्याने लागवडीखालील जमीन आणि मोकळे रान यांत स्पष्ट भेद केला आहे. शेतातून पायी जाण्याची मुभा १४ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात, तीही जमीन गोठलेली किंवा बर्फाने झाकलेली असेल तेव्हाच मिळते, म्हणजे उभ्या पिकाला पाय लागण्याचा प्रश्नच उरत नाही. तंबूसाठी राहत्या घरापासून किंवा केबिनपासून किमान १५० मीटर अंतर राखावे लागते, आणि तेवढ्या अंतरावरूनही तेथील माणसांच्या शांततेत व्यत्यय येत असेल, तर आणखी दूर जावे लागते. उंच डोंगर आणि वस्तीपासून लांबचा प्रदेश वगळता, दोन दिवसांपेक्षा जास्त मुक्कामासाठी मालकाची परवानगी लागते, त्यामुळे ‘हवे तितके दिवस’ हेही टिकत नाही.

गाडीचा मुद्दा तर विचारातही घेण्यासारखा नाही, कारण रस्ता सोडून रानात मोटार चालवण्यास तेथे सर्वसाधारण बंदीच आहे. शेकोटीलाही १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात जंगलात आणि जंगलालगत मनाई असते.

फळांचा नियम मला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो. दलदलीत उगवणारी केशरी क्लाउडबेरी उत्तरेकडच्या नूर्लान, ट्रॉम्स आणि फिनमार्क या प्रांतांत मौल्यवान मानली जाते. तेथे जमीनमालक ती तोडून नेण्यास मनाई करू शकतो, परंतु वाटसरूने जागच्या जागी खाण्यास नव्हे. मालकाचे उत्पन्न आणि चालणाऱ्याची भूक, दोन्हींची दखल एकाच कलमात घेतलेली आहे.

राहिली आपल्याशी केलेली तुलना. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि अभयारण्यातील प्रवेशाचे नियमन १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा करतो. संरक्षित क्षेत्रांना वेगळे नियम नॉर्वेतही आहेत. अभयारण्याबाहेरच्या डोंगरांवर मात्र सामान्य माणसाला फिरण्याचा असा हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही, ही उणीव खरी आहे, आणि तो हक्क मागितलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. पण त्या मागणीच्या मसुद्यात वाडी-वस्तीपासूनचे अंतर, मुक्कामाची मुदत, वणव्याच्या दिवसांतील शेकोटीबंदी आणि गायरानावर चरणाऱ्या गुरांचा अग्रक्रम ही कलमे पहिल्या पानावरच असली पाहिजेत.