'इंटर्नशिपला जाऊ नका, ब्रिज कोर्स येतोय': बीडीएसच्या मुलांमध्ये फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या गुरुवारी रात्री साडेदहाला ऐरोलीहून ताईचा फोन आला. "अगं, ही इंटर्नशिप सोडते म्हणतेय. तीन वर्षांत एमबीबीएस होता येतं म्हणे. तू बोल तिच्याशी." ही म्हणजे माझी भाची. फायनल बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी परीक्षा, पास होऊन नवी मुंबईतल्या एका कॉलेजात इंटर्नशिप करतेय, जेमतेम दीड महिना झालाय. तिच्या बॅचच्या ग्रुपवरून आमच्या घरच्या ग्रुपवर आणि शनिवारपर्यंत माझ्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टच्या भावाकडेही पोचलेला मेसेज तिने वाचला होता. 'बीडीएस विद्यार्थ्यांनो, डोळे उघडा! कोणीही न सांगितलेली 6 सत्यं.'

ही सहा सत्यं अशी. एक, डेंटिस्ट बेसुमार झालेत, बीडीएसला भविष्य नाही. दोन, सरकारने बीडीएसवाल्यांसाठी 3 वर्षांचा एमबीबीएस ब्रिज कोर्स मंजूर केलाय. तीन, इंटर्नशिप म्हणजे नुसत्या सह्या, घरी बसून नीट एमडीएसचा (एमडीएस या दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीच्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास करा. चार, एमडीएस मिळेल त्या शाखेत घ्या. पाच, ते जमलं नाही तर 6 दिवसांचा इंप्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचे कृत्रिम दात) कोर्स करून स्पेशालिस्ट व्हा. सहा, अमेरिकेत एक परीक्षा दिली की थेट प्रॅक्टिस. शेवटी एक मोबाईल नंबर आणि 'ब्रिज कोर्सची सीट आजच बुक करा, टोकन फक्त 25,000'.

मी स्वतः बीडीएसच आहे, एमडीएस केलेलं नाही. ठाण्यात वीस वर्षं प्रॅक्टिस करते आहे. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी ब्रिज कोर्स, कारण ताई त्यासाठी पैसे भरायला निघाली होती. असा कोर्स नाही. कुठल्याही कॉलेजात नाही, कुठल्याही विद्यापीठात नाही. ही गोष्ट आली कुठून ते मात्र मला आठवतं. नॅशनल मेडिकल कमिशनच्या 2017 च्या विधेयकात आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) डॉक्टरांसाठी ब्रिज कोर्सचं कलम होतं. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी देशभर विरोध केला आणि मार्च 2018 मध्ये सरकारनेच ते कलम मागे घेतलं. त्याच सुमाराला बीडीएसवाल्यांनाही असा रस्ता द्यावा अशी चर्चा झाली, पेपरांत मोठ्या बातम्या आल्या. आमच्या बॅचमध्ये तेव्हा काय उत्साह होता! त्यातून काहीही निघालं नाही. आता त्याच जुन्या बातमीवर 'मंजूर' असा शिक्का मारून पोरांच्या गळ्यात घालताहेत.

रविवारी दुपारी बसून मी 2023 चा नॅशनल डेंटल कमिशन कायदा वाचला. 1948 च्या डेंटिस्ट ॲक्टची जागा घेण्यासाठी संसदेने केलेला हा कायदा. उद्या आपल्या शिक्षणात जे काही बदलणार आहे ते या कायद्यातून बदलणार, म्हणून बीडीएसच्या प्रत्येक मुलाने तो एकदा वाचावा. दंतवैद्याला एमबीबीएस करण्याची तरतूद त्यात नाही. त्यात आहे ती 'नेक्स्ट', म्हणजे बीडीएसच्या शेवटच्या वर्षाची देशभर एकच परीक्षा. प्रॅक्टिसचा परवाना तिच्यावर आणि एमडीएसचा प्रवेशही तिच्यावर. आज फर्स्ट किंवा सेकंड इयरला असलेल्या मुलांनी लक्ष ठेवायचं ते यावर. करिअरची दिशा दाखवतो म्हणणाऱ्या मेसेजमध्ये या परीक्षेचं नावसुद्धा नाही. ताईला एवढंच म्हटलं, त्या नंबरवर फोन कर आणि कोर्सच्या राजपत्राची तारीख विचार. तिने विचारली. पलीकडून फोन कट झाला.

ब्रिज कोर्सने पैसे बुडतील, पण तिसरा मुद्दा अख्खं वर्ष बुडवेल, म्हणून माझा खरा राग त्याच्यावर आहे. काही कॉलेजांत नुसत्या सह्या मिळतात हे मी नाकारत नाही. हजेरी लावून मुलं क्लासला पळतात आणि विभागातले लोक तिकडे काणाडोळा करतात. पण म्हणून ते वर्ष फुकटचं ठरत नाही. डेंटल कौन्सिलच्या 2007 च्या बीडीएस नियमांत चार वर्षांनंतरची ही एक वर्षाची, सगळ्या विभागांतून फिरणारी इंटर्नशिप सक्तीची आहे. तिच्यातले 3 महिने एकट्या कम्युनिटी डेंटिस्ट्रीचे, म्हणजे लोकांत जाऊन करायच्या कामाचे. ती पूर्ण झाल्याशिवाय स्टेट डेंटल कौन्सिलकडे कायम नोंदणी होत नाही. आणि ज्या नीट एमडीएससाठी इंटर्नशिप बुडवायची, त्या परीक्षेला बसायलाही ठरलेल्या तारखेपर्यंत इंटर्नशिप पूर्ण लागते. मेसेज लिहिणाऱ्याला एवढंही ठाऊक नाही.

हे झालं नियमांचं. हातांचं त्याहून महत्त्वाचं आहे.

खालच्या दाढेची भूल पुस्तकात दोन पानांत संपते. प्रत्यक्षात डाव्या हाताचा अंगठा गालाच्या आतून जबड्याच्या हाडावरच्या खळगीत टेकवायचा, सिरिंज पलीकडच्या बाजूच्या उपदाढांवरून आणायची आणि आत जाणारी सुई हाडाला लागली की तो बारीकसा अडथळा बोटांना कळायला हवा. लगेच लागली तर सुई पुढे पडली. लागलीच नाही तर फार मागे गेली, आणि तिथे औषध सोडलं तर चेहऱ्याची नस बधिर होऊन पेशंटचा डोळा मिटेनासा होतो. काही तासांनी उतरतं ते, पण तोवर पेशंटही घाबरतो आणि आपणही. सुई लागली की किंचित मागे घ्यायची, रक्त येत नाही ना ते बघायचं, मग हळूहळू औषध सोडायचं. आणि ओठ जड झाला का, हे पेशंटला विचारायचं. इंटर्नशिपमध्ये माझ्या पहिल्या दहा-बारा भुली नीट लागल्या नव्हत्या. प्रत्येक वेळी मागे सर उभे होते, अंगठा एक सूत वर सरकवायला सांगायचे. घरी बसून अभ्यास करणाऱ्याच्या मागे कोण उभं राहणार? त्याच्या पहिल्या दहा भुली त्याच्या पहिल्या नोकरीत, पैसे मोजून आलेल्या माणसाच्या तोंडात चुकणार.

दुसरी गोष्ट भाचीचीच. दुसऱ्या आठवड्यात ती ओरल मेडिसिनच्या पोस्टिंगला होती. तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमधला एक माथाडी कामगार आला, वय 26. तक्रार काय, तर तिखट खाल्लं की तोंड जळतं. हिने तोंड उघडायला सांगितलं, तर दोन बोटंही आत जाईनात. पट्टी लावून मोजलं तर 19 मिलिमीटर. धडधाकट माणसाचं तोंड साधारण 40 उघडतं. गाल आतून पांढरे पडलेले, बोटाला दोरीसारखे ताठ पट्टे लागत होते. गुटखा, रोज दहा-बारा पुड्या, सोळाव्या वर्षापासून. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि हा मुलगा बंदी आल्यानंतर खायला लागला. 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणात आपल्या राज्यात दर चार प्रौढांमागे जवळजवळ एक जण खायचा तंबाखू वापरणारा निघाला, त्यांतला हा एक. मॅडमनी हिला मागे, दाढेजवळचा एक लालसर चट्टा दाखवला आणि बायोप्सीला पाठवला. कॅन्सर निघालाच तर खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र जवळ आहे हे त्याला नीट समजावून सांगायचं काम हिच्याकडे आलं.

त्या रात्री तिने मला फोन करून अर्धा तास विचारलं. पट्टे कसे ओळखायचे, व्यायाम कोणते द्यायचे, माणूस परत येईल असं बोलायचं कसं. एवढ्या वर्षांत तिने मला अभ्यासातलं स्वतःहून काही विचारलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. आणि त्याच मुलीला हा मेसेज सांगतो, कॉलेजला जाऊ नको.

राहिला अभ्यास. नीट एमडीएसला 3 तासांत 240 प्रश्न असतात, अख्ख्या बीडीएसच्या विषयांवर. त्या माथाडी मुलाचं तोंड मोजलेली मुलगी सबम्युकस फायब्रोसिसवरचा, म्हणजे त्याच्या त्याच आजारावरचा, प्रश्न चुकवेल का? संध्याकाळी अभ्यास करा, ट्रान्स हार्बरच्या गाडीत करा, रविवारी करा. आमच्या वेळीही तसाच केला मुलांनी आणि चांगल्या रँक काढल्या.

आता गर्दीचा मुद्दा. तो अर्धा खरा आहे, मान्य करावाच लागेल. माझ्या दवाखान्यापासून नाक्यापर्यंत चालत चार मिनिटं लागतात, त्यात डेंटलच्या सहा पाट्या आहेत. घोडबंदर रोडला तर नवं संकुल उभं राहिलं की वाण्याच्या दुकानाआधी डेंटल क्लिनिक येतं. नुकत्या पास झालेल्या ज्या मुलांना मी ओळखते, त्यांना ठाण्यात पहिल्या नोकरीला 15 ते 20 हजार मिळतात. पाच वर्षं शिकलेल्या माणसाला हे थोडंच आहे आणि ते लपवून ॲडमिशन देणाऱ्यांवर माझाही राग आहे. पण यावरून 'भविष्य नाही' हे निघत नाही. पास झाल्या झाल्या वडिलांची एफडी मोडून घोडबंदरला गाळा घेऊ नका, एवढं निघतं. आधी दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात बसा. चेअर, कंप्रेसर, ऑटोक्लेव्ह कधी बिघडतात, एक्स-रे मशीनची एईआरबीकडे (अणुऊर्जा नियामक मंडळाकडे) नोंदणी कशी करतात, जैविक कचरा कोण उचलतं, लॅबवाला कॅपला किती दिवस लावतो, हे सगळं तिथेच कळतं. माझा एक बॅचमेट आठवड्यातले दोन दिवस मुरबाडला बसतो. त्या दोन दिवसांत त्याला ठाण्यातल्या चार दिवसांपेक्षा जास्त पेशंट असतात. आणखी एक मैत्रीण आर्मी डेंटल कोअरमध्ये गेली. ती कोअर 1941 पासून आहे, तिच्या भरतीत हल्ली नीट एमडीएसचेच गुण धरतात. मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

एमडीएस कुठल्याही शाखेत घ्या, हा सल्ला देणाऱ्याने फी भरलेली दिसत नाही. नऊ शाखा आहेत आणि त्यांची कामं एकमेकांपासून फार वेगळी. ओरल पॅथॉलॉजीवाल्याचा दिवस मायक्रोस्कोपवर जातो, ऑर्थोवाला तारा वळवत असतो, पेडोवाल्याला रडणाऱ्या पोरापुढे तासभर शांत राहता यावं लागतं. खासगी कॉलेजात तीन वर्षांची फी लाखांत मोजायची असेल, तर त्यातलं आपल्याला काय आवडतं ते आधी कळायला हवं. ते कळण्याची जागा पुन्हा तीच, इंटर्नशिपची पोस्टिंग.

इंप्लांट बीडीएसला बसवता येतात, मीही बसवते. सहा दिवसांत तोंडओळख होते, स्पेशालिस्ट होता येत नाही. त्या नऊ शाखांत इंप्लांटॉलॉजी नावाची शाखाच नाही, त्यामुळे पाटीवर स्पेशालिस्ट लिहिण्याआधी शंभरदा विचार करा.

अमेरिकेचं एका परिच्छेदात संपवते. 2020 पासून तिथे आयएनबीडीई ही परीक्षा आहे, पण ती पास झाल्यावर दवाखाना उघडता येत नाही. भारतातून गेलेल्या बहुतेकांना तिथल्या विद्यापीठात आणखी दोन-तीन वर्षं शिकून तिथली पदवी घ्यावी लागते, तिची फी भरावी लागते आणि मग त्या त्या राज्याचा परवाना काढावा लागतो. ब्रिटनला जायचं तर ओआरई ही परीक्षा दोन भागांत. जायचं असेल त्याने जरूर जावं, पण खर्चाचा आणि वर्षांचा हिशेब कागदावर मांडून.

भाची सोमवारपासून ओरल सर्जरीच्या पोस्टिंगला आहे, दीड महिना. ठाण्याहून सुटणारी सकाळची पनवेल गाडी ऐरोलीला पकडते. ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजातल्या इंटर्नना खासगी दवाखाना आतून कसा चालतो ते बघायचं असेल तर शनिवारी दुपारी माझ्याकडे येऊन बसा. पैशांचे हिशेबही दाखवीन, विचारायला लाजू नका. आणि तो मेसेज ज्या ग्रुपवर आला असेल, तिथे हे उत्तर टाका.